जागल

आमच्या घरात पवित्र शास्त्राच्या कपाटामागे एक काठी उभी असायची. पुरुषभर उंचीची, हात लागून लागून काळी गुळगुळीत झालेली, वरच्या टोकाला लोखंडी कडी. त्या कडीत कधीकाळी घुंगरं होती म्हणे. मी पाहिली ती नुसती कडी, गंजून लाकडाला धरून बसलेली. पाळकसाहेब घरी यायचे असले की वडील ती काठी उचलून आतल्या खोलीत ठेवत, आणि साहेब परत निघून वेशीपर्यंत पोचायच्या आत आजी ती पुन्हा जागेवर आणून ठेवी. माय-लेकांत त्यावरून एक शब्द झाल्याचं मला आठवत नाही. काठी मात्र आत-बाहेर करत राहिली.

काठी माझ्या खापरपणजोबांची. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावचे ते वेसकर. आमच्या बोलीत येसकर. दिवस मावळला की वेशीचा दरवाजा लावायचा, रात्रभर फिरून हाळी द्यायची, परका माणूस दिसला तर हटकून पाटलाला वर्दी द्यायची, सरकारी सारा तालुक्याला निघाला की सोबत चालायचं, शिवेचा वाद निघाला की साक्षीला उभं राहायचं. शिवाय मेलेलं ढोर ओढायचं. या सगळ्याबद्दल सुगीला बलुतं आणि रोज संध्याकाळी दारोदार हिंडून मागितलेली भाकर. सगळं गाव ज्याच्या भरवशावर निजायचं त्याचं घर वेशीबाहेर, आणि गावच्या विहिरीवर त्याच्या सावलीलाही बंदी. आजी हे सगळं हिशेबाच्या वहीतून वाचून दाखवल्यासारखं सांगायची.

रात्री जेवणं झाली की ती दाराला कडी घाली, वर आडवा अडसर सरकवी, आणि मग आम्हा पोरांना कंदिलाभोवती बसवून एकशे एकविसावं स्तोत्र म्हणवून घेई. आठच वचनं. मी सहा-सात वर्षांचा असताना तिला विचारलं होतं, देव राखतो तर अडसर कशाला?

"अरं, राखणाऱ्याला कवाड सताड उघडं टाकून राखाय लावावं का? त्याला बी काही मन असंल."

त्या स्तोत्राची आमच्या घरातली गोष्ट अशी.

पणजोबा, म्हणजे आजीचे सासरे, तिचे मामंजी, मिशनच्या शाळेत शिकले. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं नगरला पडलं १८३१ साली. मिशनचं ‘ज्ञानोदय’ पत्र तिथूनच १८४२ मध्ये निघू लागलं. तिथली सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढायचं मनावर घेतलं. आमच्या बाजूला वडाळ्यात मिशनचं बिऱ्हाड होतं. तिथल्या शाळेतून निघून, पुढे नगरला शिकून मामंजी मास्तर झाले, बाप्तिस्मा घेतला आणि आपल्याच महारवाड्यात शाळा मांडून बसले. बाप अजून येसकरच. एका छपराखाली दोन चाकऱ्या: मुलगा दिवसा धुळाक्षरं गिरवून घेई, बाप रात्री गाव राखी.

एका रात्री म्हातारा पहाऱ्याला निघायच्या बेतात होता आणि मुलगा दिव्याशी बसून मोठ्याने स्तोत्र वाचत होता. म्हातारा उंबऱ्यात थबकला.

"काय म्हन्लास? निजत न्हाई?"

"न्हाई."

"डुलकी बी न्हाई?"

"न्हाई."

"मंग त्यो बी येसकरच की!"

मामंजींना उत्तर सुचेना. मिशनच्या शाळेत त्यांना देव राजा आहे, पिता आहे, मेंढपाळ आहे असं शिकवलं होतं. येसकर आहे असं कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांना विचारलं असतं तर त्यांना येसकर म्हणजे काय इथपासून समजवावं लागलं असतं. म्हाताऱ्याने काठीचं टोक दगडावर आपटलं, घुंगरं वाजली, आणि पाऊल बाहेर टाकता टाकता त्याने विचारलं, "अन् त्याला भाकर कोन वाढतं?"

हा प्रश्न आमच्या घरात चार पिढ्या फिरतो आहे. कुणी त्याला थट्टा समजतं, कुणी देवाची निंदा. वडिलांना तो आवडत नसे.

खूप नंतर, केस पिकल्यावर, मी एका सेमिनरीतल्या वर्गांना हौसेने जाऊन बसत असे. तिथे कळलं की आपल्या छापील बायबलात जिथे ‘रक्षक’ आहे तिथे मूळ इब्री शब्दाचा धातू ‘शामर’, आणि तो या आठ वचनांच्या स्तोत्रात सहा वेळा येतो. राखणे. मेंढरं राखणारा तो हाच, आणि रात्री नगरात गस्त घालणारे तेही हेच. त्या दिवशी वर्गात मला घुंगरं ऐकू आली म्हटलं तर ते लिहिण्याच्या भरातलं होईल. पण अक्षरओळख नसलेल्या माणसाने उंबऱ्यात उभ्याउभ्या जे ओळखलं, ते मला कळायला इब्रीचा वर्ग लागला, एवढं खरं. तोच शब्द शास्त्रात त्याच्याही फार आधी, उत्पत्तीच्या पुस्तकात येतो, आणि तो काईनाच्या तोंडी आहे. हाबेल कुठे आहे असं देवाने विचारलं तेव्हा काईनाने उलट सवाल केला तो भावाच्या राखणीबद्दलच. त्याकडे मी पुढे येणार आहे, कारण आजीच्या आईला या शब्दाशी झुंजावं लागलं होतं. तिला इब्री येत नव्हतं.

आजीच्या गोष्टींना साल नसायचं. ‘उंदीर पडायचं साल’, ‘मानमोडीचं साल’, ‘छप्पनचं साल’. मी नंतर त्यांना आकडे लावले. उंदीर पडायचं साल म्हणजे प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले, तिथून तो पुण्याला आला, मग आमच्याकडे, आणि आला तो एकदाच नव्हे. हंगाम धरून वर्षानुवर्षं येत राहिला. पुढच्या तीन दशकांत देशभरात एक कोटीहून जास्त माणसं त्याने नेली. पुण्यात सोजिरांच्या घरझडत्या, जून १८९७ मधला रँडचा खून, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या घरात त्या सालातलं मरण सांगितलं जायचं ते सावित्रीबाईंचं. मुंढव्याच्या महारवाड्यातलं तापलेलं पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्चला स्वतःच गेल्या. आजी विचारायची, "आता सांग, त्यांना कुनी राखलं?" आणि आम्ही काही बोलायच्या आत कंदिलाची वात खाली करायची.

गावात उंदीर मरून पडू लागले की माणसं घरांना कुलपं घालून माळावर झोपड्या टाकत. महारवाड्याच्या झोपड्या वेगळ्या, खालच्या अंगाला. काखेत किंवा जांघेत गाठ आली की तीन-चार दिवसांचा खेळ. अशाच एका फेरीत माळावर सुईचा डॉक्टर आला. हाफकिनची लस. तिची पहिली चाचणी हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत मुंबईत स्वतःच्या अंगावर केली होती, पण लोकांना तिचं भय वाटे, आणि ते काही अगदीच खुळं भय नव्हतं. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतली लस दूषित निघाली आणि टोचून घेतलेल्यांपैकी १९ माणसं धनुर्वाताने मेली. हाफकिनवरचा ठपका पुढे पुसला गेला. पण अफवा पुसायला ठपक्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आमच्या भाऊबंदांतला एक जण नुकताच बाप्तिस्मा घेतलेला, ताज्या विश्वासाचा. तो डॉक्टरासमोर छाती काढून उभा राहिला आणि म्हणाला, मला सुईची गरज नाही, माझ्यापाशी एक्याण्णवावं स्तोत्र आहे. त्या स्तोत्रात मरीचं नाव घेऊन सांगितलंय. शेजारी हजार पडले तरी तुझ्याजवळ येणार नाही म्हणून सांगितलंय. माळावरची ख्रिस्ती माणसं माना डोलवू लागली. हाच क्षण आजी फार रंगवून सांगायची, कारण इथे तिच्या सासूबाई पुढे येतात. सासूबाई बायबलबाई होत्या, शास्त्र खांद्यावरच्या झोळीत घेऊन गावोगाव फिरायच्या, आणि त्यांच्या जिभेला मामंजीही भ्यायचे.

"स्तोत्र पाठ हाय तुला?"

"हाय."

"सैतानाला बी व्हतं."

आणि मग त्यांनी तिथे, सुईच्या डॉक्टराला ताटकळत ठेवून, मत्तयाचा चौथा अध्याय सांगितला. सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी, देवदूत झेलतील असं लिहिलंय ना? लिहिलेलं आहेच. आणि कुठे? याच एक्याण्णवाव्या स्तोत्रात. सैतानाने वचन चुकीचं म्हटलं नाही, एक अक्षर पदरचं घातलं नाही. प्रभूने त्याला वचन खोटं आहे असंही सांगितलं नाही. फक्त उडी मारली नाही.

मामंजींनी सदऱ्याची बाही वर केली आणि पहिली सुई घेतली. दोन दिवस ते तापाने फणफणले, आणि सगळा खालचा माळ त्यांच्या झोपडीकडे डोळे लावून बसला. तिसऱ्या दिवशी ते उठले. मग बाकीच्यांनी टोचून घेतलं.

अशी गोष्ट सभेत सांगायची तर इथे थांबावी. आजी थांबायची नाही. टोचून घेतलेल्यांपैकी एक पोरगी त्याच पंधरवड्यात गाठीने गेली. आणि सुई न घेणारा तो भाऊबंद? तो जगला. चांगला सत्तरी ओलांडून गेला, आणि जन्मभर प्रत्येक प्रार्थनासभेत उठून साक्ष देत राहिला की पाहा, स्तोत्राने मला राखलं. सासूबाई समोरच बसलेल्या असायच्या. एकदाही त्या मध्ये बोलल्या नाहीत. का बोलल्या नाहीत असं मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "त्या पोरीची माय बी तिथंच बसलेली असायची. वाद घातला असता म्हंजी तिला समदं दोनदा ऐकावं लागलं असतं."

२०२० साली आमच्या मोबाइलवर तेच स्तोत्र रोज सकाळी येऊ लागलं. फुलांच्या चित्रावर, उगवत्या सूर्यावर. एका मंडळीत दारं लावून, तोंडाला काही न बांधता सभा भरल्या आणि विचारलं तर हेच वचन पुढे आलं. त्याच दिवसांत नगरला मुक्तिफौजेच्या बूथ हॉस्पिटलात, अंगभर प्लास्टिक चढवून, घामाने निथळणारी माणसं वॉर्डांतून फिरत होती. त्यांच्यातल्या कितीजणांना ते स्तोत्र पाठ होतं कुणास ठाऊक. मला सासूबाईंची फार आठवण झाली. त्यांना मी पाहिलेलंही नाही.

आता आजीचं माहेर. छप्पनचं साल म्हणजे संवत १९५६, इसवी १८९९-१९००. गुजरातेत माणसं रस्त्याकडेला पडत होती. आजीची आई तिथली, आठ-नऊ वर्षांची. तिचं गाव, आडनाव, जात, काहीच शिल्लक राहिलं नव्हतं. आईला ‘बा’ म्हणायचे एवढं, आणि एक अंगाई, तीही अर्धी. ती आणि तिचा धाकटा भाऊ चालत निघाले होते. भाऊ वाटेत बसला तो उठला नाही. पुढे तिला कुणीतरी उचललं, गाडीत घातलं, आणि ती केडगावला उतरली. नगरला खेटून आहे ते केडगाव नव्हे. दौंडकडचं, पंडिता रमाबाईंचं.

रमाबाईंचं चरित्र आपल्याकडे अर्धंच वाचतात. कुणी पंडिता एवढंच वाचतात, कुणी धर्मांतर एवढंच. मला त्यातलं सगळ्यात हलवून सोडणारं वाटतं ते त्यांचं उपासमारीचं पोरवय. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई, थोरली बहीण, भाऊ. तीर्थांमागून तीर्थं, पुराणं सांगत, दानं देत, उपास करत, देव राखील या भरवशावर सगळं कुटुंब दक्षिणेत वणवण हिंडलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळ आला. झाडपाल्यावर दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. ज्या बाईने एवढा भरवसा डोळ्यांदेखत भुकेने मरताना पाहिला, तिने पुढे दुसऱ्या देवावर भरवसा ठेवला आणि तोही असा, की ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरच्या वाटेने जाऊन कोठारातल्या उद्याच्या दाण्यासाठी गुडघे टेकायची. हे कसं जमलं असेल? मला त्याचं उत्तर त्यांच्या प्रार्थनेपेक्षा त्यांच्या पायांत दिसतं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा आपलीच भूक आठवून त्यांना घरात बसवेना. त्या जातीने गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तामुळे त्यांना एकत्र ठेवायची मनाई, म्हणून केडगावच्या माळावर राहुट्या. छप्पनच्या सालात गुजरातेतून पुन्हा शेकडो. केडगावच्या त्यांच्या आश्रमाची, ‘मुक्ती’ची, वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. प्रार्थना अखंड, आणि त्याबरोबर विहिरी, शेती, तेलाचा घाणा, माग, छापखाना. अडसर घालून स्तोत्र म्हणायची रीत तिथलीच असावी असं मला कधी कधी वाटतं. आजीला ती आईकडूनच आली होती.

पण आजीची आई ‘देवाने मला वाचवलं’ असं कधी म्हणाली नाही. मुक्तीत साक्षीच्या वेळी मुली उठून सांगत. ही म्हणे, "मला उचललं." बस. रमाबाईंनी एकदा तिला विचारलं होतं असं आजी सांगे, आणि ही म्हणाली, "वाचवलं म्हटलं तर भावाला का नाही ते सांगावं लागेल." त्यावर रमाबाई काय बोलल्या? काही नाही. तिला जवळ घेतलं आणि त्याही रडल्या. हे खरं किती आणि आजीचं किती, मी सांगू शकत नाही. आजीच्या गोष्टींत थोर माणसं नेहमी योग्य वेळी गप्प बसायची.

काईनाचा सवाल तिला आयुष्यभर पुरला. ज्या मुलीने भावाला मारलं नाही, जिच्या स्वतःच्या अंगात पाऊल उचलायचं त्राण नव्हतं, ती भावाची राखण आपल्याकडून झाली नाही या ओझ्याखाली जगली. रस्त्याकडेला बसलेलं पोर दिसलं की ती बैलगाडीतून खाली उतरे. प्रत्येक वेळी. बाजाराला उशीर होई, नवरा चिडे. पोर नुसतं खेळत असायचं.

१९१८ चा पावसाळा कोरडा गेला आणि मागोमाग मानमोडी आली. इन्फ्लुएंझा. मान टाकायला लावणारा ताप म्हणून मानमोडी. त्या दशकाच्या शेवटी झालेल्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली. असं एकदाच झालं आहे. आजी तेव्हा आठ वर्षांची. एकाच आठवड्यात तिचा बाप गेला आणि पाळण्यातला भाऊ गेला. पुढे कधीतरी मी त्या गावच्या मंडळीचं दफनाचं रजिस्टर पाहिलं. एरवी वर्षाला एक पानही भरत नाही. त्या ऑक्टोबरात पानांमागून पानं, आणि मध्येच अक्षर बदललेलं. आधीचं वळणदार अक्षर ज्याचं होतं त्याची नोंद बदललेल्या अक्षरात आहे.

घरात आठ दिवस संध्याकाळची उपासना झाली नाही. समाचाराला माणसं आली. देवाची इच्छा म्हणाली. देवाने तुम्हा दोघींना राखलं म्हणाली. आजीच्या आईने सगळ्यांना गूळपाणी दिलं आणि कुणालाच उत्तर दिलं नाही. नवव्या दिवशी तिने शास्त्र काढलं आणि प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय उघडला.

हा अध्याय आमच्या मंडळीत फार लाडका. हेरोदाने पेत्राला तुरुंगात टाकलं, साखळदंड घातले, पहारे बसवले. रात्री देवदूत आला, साखळ्या गळून पडल्या, लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. पुढे तर मजाच आहे. मंडळी ज्या घरात त्याच्यासाठी प्रार्थना करत बसलेली, त्याच घराचं दार पेत्र ठोठावतो. रोदा नावाची मोलकरीण आवाज ओळखते, आणि आनंदाच्या भरात दार उघडायचं विसरून आत सांगायला पळते. आतले म्हणतात, तुला वेड लागलं. प्रार्थना करणाऱ्यांनाच प्रार्थना ऐकली गेल्याचं पटेना. आणि सुटलेला पेत्र बाहेर दार वाजवत उभा! संडे स्कूलमध्ये आम्ही याचं नाटुकलं बसवायचो आणि रोदा व्हायला सगळ्या मुली भांडायच्या.

आजीच्या आईने त्या संध्याकाळी फक्त सुरुवातीची वचनं वाचली. पेत्राला धरण्याआधी हेरोदाने योहानाच्या भावाला, याकोबाला, तलवारीने मारलं. एका ओळीत. त्याच्यासाठीही मंडळीने प्रार्थना केली असेलच. तो देवदूत एक-दोन आठवडे आधी यायला काय हरकत होती? शास्त्र यावर काही म्हणत नाही. तिने पुस्तक मिटलं आणि लेकीला म्हणाली, "पेत्र सुटला ते सगळे सांगतात. याकोबाच्या आईचं कोण सांगतं?"

याकोबाची आई म्हणजे जब्दीची बायको. माझ्या दोन्ही मुलांना तुझ्या राज्यात उजव्या-डाव्या हाताला बसव, असा हट्ट धरणारी. आजीची आई त्यानंतर जन्मभर प्रार्थनेत तिचं नाव घेत असे, जणू शेजारीण. ‘आणि जब्दीच्या घरच्या बाईला धीर दे.’ पाळकांनी समजावलं की मेलेल्यांसाठी प्रार्थना आपण प्रॉटेस्टंट लोक करत नाही. ती हो म्हणाली, आणि करत राहिली. आजीही करायची. मीही, लपून, कधीमधी.

लहानपणी मला वाटे की भरवशाची माणसं म्हणजे नि:शंक माणसं. आमच्या घरातल्या बायका तशा नव्हत्या. त्या रात्री दोनदा उठून अडसर चाचपायच्या, आणि दोनदा उठून स्तोत्रही म्हणायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. हे साल मला कुणी सांगायची गरज नाही. खडी फोडायची कामं, तळ्यांची कामं, आठवड्याचा पगार, लालसर मिलोची न तुटणारी भाकर, शाळेत वाटायची सुकडी. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात राज्यभर ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यांत माझे आई-वडील दोघं. वडील हजेरी मांडायचे.

आमच्या वस्तीला विहीर होती. मास्तराची विहीर. गावच्या विहिरीवर पाणी मिळत नाही म्हणून मामंजींनी छप्पनच्या सालानंतर महारवाड्यातल्या पंधरा-वीस जणांना घेऊन खणलेली. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच्या पाव शतक आधीची ती विहीर. खणताना सत्तावीस हातांवर काळा दगड लागला आणि लोकांनी पहारी टाकल्या, मग मामंजी एकटेच उतरले वगैरे तिची स्वतंत्र गोष्ट आहे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली. टँकर येई, न येई. मास्तराच्या विहिरीला दोन पुरुष पाणी होतं. पाळक म्हणाले, देवाची करणी. वडील म्हणाले, सत्तावीस हात.

दिवसा गावातलं कुणी आमच्या विहिरीवर यायचं नाही. कुणी मना केलं नव्हतं. कसं यायचं हा प्रश्न होता. पण पहाटेला आम्ही पाहायचो तर काठ ओला. दोरीच्या नव्या खुणा. एकदा काठावर फुटलेली काचेची हिरवी बांगडी सापडली. विहिरीला कठडा नव्हता, एका अंगाचे दगड निखळलेले, आणि अमावास्या जवळ आलेली. आजीने ती बांगडी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली.

त्या रात्री स्तोत्र झालं, आणि तिने अडसर घातला नाही. कपाटामागची काठी घेतली, कंदील घेतला, मला म्हणाली, "चल, जागलीला." वडील काहीतरी म्हणाले. ती गेलीच.

आम्ही विहिरीपासून जरा लांब, बाभळीखाली बसलो. मला वाटलं पाणी चोरणाऱ्यांना हाकलायला आलोय. मध्यरात्र उलटल्यावर पावलं वाजली. तीन-चार बायका, पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेले, कळशा काखेत. आजी उठली आणि कंदील विहिरीच्या काठावर, नेमका निखळलेल्या दगडांपाशी नेऊन ठेवला. बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. आजीने वात खाली केली. इतकी, की काठ दिसावा आणि तोंडं दिसू नयेत. मग ती पाठ फिरवून माझ्याकडे आली आणि बाभळीला टेकून बसली. दोर सरसरले. कुणी बोललं नाही. काठीची ती गंजकी कडी तिच्या बोटांत होती.

असं किती रात्री चाललं मी मोजलं नाही. मी बहुतेक वेळा झोपून जायचो. जाग आली की ती तशीच बसलेली दिसे. तू झोपत कशी नाहीस असं विचारलं तर म्हणायची, "येसकराची सून हाय मी."

एका पहाटे कंदील आणायला गेलो तर त्याच्याशेजारी फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. मिलोची भाकर. अजून कोमट. मी ती धावत आजीकडे आणली. तिने गाठ सोडली आणि तिचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरलो. गावाने येसकराला घातलेली भाकर. ती मागायची नाही, घ्यायची नाही, म्हणून मामंजींनी पाटी धरली होती. साठ-सत्तर वर्षं त्या घरात गावची भाकर आली नव्हती. आजी ती भाकर मांडीवर घेऊन उन्हं वर येईपर्यंत बसली. मला भूक लागली होती, आणि मी म्हणालो, "खाऊ या का?"

तिने भाकरीचे तुकडे केले. मोठा मला दिला, लहान स्वतः घेतला, आणि आम्ही दोघांनी ती कोरडीच चावून चावून खाल्ली. मग तिने ते फडकं धुतलं, काटेरी कुंपणावर वाळत घातलं. संध्याकाळी घडी घातली, आणि मग घडी पुन्हा उलगडली. रिकामं भांडं शेजारणीला परत देत नाहीत. फडक्याचंही तेच असावं. मला शाळेत मिळालेली सुकडी तिने डब्यातून काढली, दोन मुठी त्यात घातल्या, गाठ मारली, आणि रात्री कंदिलाशेजारी ठेवली.